लाल सुताचं मडकं

आणि तरी माझं म्हणणं तेच आहे, मास्तर: फुकट देणाऱ्याची मूठ आधी उघडून बघावी. मागं पारावर तुम्ही मला "तुझा जन्म संशयातच जायचा" म्हणालात. असू दे. सखारामतात्यांच्या साठीच्या पुस्तकात चार ओळी लिहाव्या असं तुम्ही कराचीला कळवलंत, तेव्हाही पहिली शंका हीच आली की माझ्याकडूनच का? मी चौथी नापास, बंदरावर धान्याची पोती वाहणारा. पण एक गोष्ट माझ्याजवळ आहे, ती सगळ्या गावाला सांगितली पाहिजे.

तात्यांची माझी ओळख शाळूच्या रानातली. काढणीच्या आधी ते उभ्या पिकात फिरत आणि निवडलेल्या कणसाच्या मानेला लाल सूत बांधत. बांधाकडचं एकही कणीस घेत नसत.

"तात्या, बांधावरचं सुदीक थोर हाय की," मी म्हणालो.

"थोर हाय रं. पर शेजारच्या रानातल्या फुलोऱ्याची धूळ त्याच्यावर बसली. ते कुनाचं लेकरू, मी कसं सांगू?"

ते बी सावलीत वाळवून, दाताखाली दाणा कट्कन मोडला की मगच राखेत घालून मडक्यात ठेवत. पेरणीला जो येईल त्याला मापटंभर देत. बदल्यात नारळसुद्धा नाही. एकच अट, पिकलं की त्यातलं दोघांना द्यायचं. मला हे काही केल्या पटत नव्हतं. तासगावच्या बाजारात कोणी वांग्याचं रोप फुकट देत नाही, आणि हे बी देतात?

पाच वर्षांमागं आईनं मला त्यांच्याकडं बी आणायला धाडलं. तिथं दोन मडकी होती. एकाच्या गळ्याला लाल सूत, दुसरं मोकळं. तात्यांनी सुताच्या मडक्यातलं माझ्या धोतराच्या सोग्यात घातलं आणि बैल सुटला म्हणून बाहेर धावले. मी ताडलं, की ही खूण लोकांना वाटायच्या हलक्या मालाची, चांगलं ते मोकळ्या मडक्यात घरासाठी लपवलंय. मी सोग्यातलं परत ओतलं आणि दुसऱ्यातलं भरून घेतलं. गड्यांनो, मोकळ्या मडक्यात बांधाकडच्या कणसांचा दाणा होता, भाकरीसाठी ठेवलेला.

आमच्या रानात शाळूचं एक ताट कमरेएवढं, दुसरं डोक्याच्या वर. कणसं नाना तऱ्हेची. मी चावडीपुढं बोंब ठोकली, "तात्यांनी भेसळ दिली!" तात्या आले, रानात चार पावलं चालले, एक कणीस हातात घेऊन उभे राहिले. मग माझ्याकडं बघितलं.

"चुकून गेलं आसंल माझ्या हातनं," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

परतताना मला हळूच विचारलं, "मडक्याला सूत का बांधतो, ठावं हाय? आंधळ्याच्यासुदीक हाताला चांगलंच लागावं म्हनून."

त्या सालापासून अर्ध्या गावानं तात्यांकडचं बी घ्यायचं सोडलं. तुमच्यातले कितीतरी बाजारातलं आणून पेरू लागले. मी लोणंदच्या ठेसनावर हमालीला पळालो, तिथून पुण्याला, तिथून इथं. एक दिवस तात्या हे बाहेर काढतील आणि माझ्या आईला गावात तोंड दाखवू देणार नाहीत, असं मला वर्षानुवर्षं वाटायचं. पळण्याआधी आईला मी खरं सांगितलं होतं. तिनं एकदा त्यांना विचारलंच, माझ्या पोराला का वाचवलंत? ते म्हणाले, "आवं, चोर म्हटलं की मानूस परत बी मागाया येत न्हाई."

लढाईच्या काळात सरकारसाठी सक्तीनं धान्य वसूल करणारा लेव्हीवाला तात्यांच्या घरात शिरला, तेव्हा त्यांनी भाकरीची कणगी उघडून दिली आणि लाल सुताच्या मडक्यापुढं मांडी घालून बसले. "पोटाचं न्या. हे गावाचं हाय." हे आईनंच कळवलं. ती उगाच कोणाला चांगलं म्हणत नाही, म्हणून खरं मानतो.

गेल्या दिवाळीत गावाकडून आलेल्या गड्याबरोबर तात्यांनी मला सूत बांधलेली पुरचुंडी धाडली. निरोप काही नाही. मी वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघितले. एकोणीस उगवले. विसाव्याबद्दल मला अजून शंका आहे. तात्यांबद्दल नाही.

तर भेसळ तात्यांनी केली नव्हती, मी केली होती. हे पुस्तकात छापा आणि चावडीवर मोठ्यानं वाचा. ज्यांनी माझ्या बोलण्यावरून त्यांचं दार सोडलं, त्यांनी या पेरणीला सोगा पसरून परत जावं. माझी आई पहिली जाईल.

तात्यांचे गुडघे उभ्या पिकात फिरायला धड राहोत, दाणा फोडणारे दात नव्वदीतही शाबूत राहोत, आणि त्यांच्या हातचं मापटं माझ्या नातवापर्यंत भरलेलं राहो.

पैसे धाडतोय, ते शालीसाठी नाहीत. नव्या मडक्यांना आणि लाल सुताला. मिळाल्यावर आईपुढं मोजा, मास्तर. रुपये अकरा.