पॉवर, लिफ्ट आणि विनायकभावजी

पॉवर म्हणजे वीज आणि लिफ्ट म्हणजे लिफ्ट, एवढं इंग्रजी मला तेव्हा येत होतं. मी चौथीपर्यंत शिकले आणि आमच्या चौथीत इंग्रजी नव्हतं. हे दोन शब्द मला फरीदाबादने शिकवले. दिल्लीतलं सरोजिनी नगर सोडून आम्ही तिथल्या नव्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहायला गेलो, तेव्हा रोज कोणीतरी ओरडायचं, "पॉवर गई!" आणि लगेच दुसरं कोणीतरी विचारायचं, "लिफ्ट में कौन है?"

ते दिवस नव्या नव्या वस्तूंचे होते. रंगीत टीव्ही आला, त्यात केबल आली, मिक्सर आला. संध्याकाळी आम्ही मेणबत्ती लावून त्या सगळ्यांकडे बघत बसायचो.

फोन मात्र आमच्याकडे नव्हता. तो तळमजल्यावरच्या मल्होत्राजींकडे होता. मल्होत्राजी सोसायटीचे सेक्रेटरी. लिफ्ट बंद पडली की लोक त्यांच्या दारात जमायचे, म्हणून ते दार अर्धंच उघडत.

एका संध्याकाळी त्यांनी ते पूर्ण उघडून मला हाक मारली. फोन माझ्या धाकट्या दिरांचा, विनायकभावजींचा होता. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून भावजी कुबड्यांवर चालतात. ते नोकरीमुळे सरोजिनी नगरातच राहायचे आणि ऑफिस सुटल्यावर कसल्याशा प्रॅक्टिसला जायचे. कसल्या, हे विचारायला मला संकोच वाटायचा.

"वहिनी, पॉवर लिफ्टिंगमध्ये पहिला आलो. सगळ्या देशातून. दादाला सांगाल?"

"अय्या, हो का?" मी म्हणाले. आणि लगेच विचारलं, "जेवलात?"

फोन ठेवला तर मल्होत्राजी समोर उभे. "सब ठीक तो है, बहनजी?"

"मेरे देवर..." माझ्या हिंदीला आधीच घाम फुटायचा. "पॉवर... लिफ्ट... पूरे देश में पहला नंबर."

मल्होत्राजी सावकाश खुर्चीत बसले. "बहनजी, आपने पहले क्यों नहीं बताया?"

"आज ही आया."

येत्या रविवारी भावजींचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, हार आणि समोसे. "औज़ार अपने लाएँगे या हम मँगवाएँ?" असं मल्होत्राजींनी विचारलं, तेही मला बरोबर वाटलं. लिफ्टमध्ये पहिला आलेल्या माणसाला अवजारं लागणारच. (हे टूरवर होते. घरी असते तर हे लिहायची वेळच आली नसती.)

मला फार आनंद झाला होता. आमच्याकडच्या लग्नकार्यात भावजींना सगळे आधी खुर्ची देत आणि मग तिथेच विसरून जात. एकदा तरी ते बसलेले असावेत आणि बाकी सगळ्यांनी उभं राहून त्यांच्याकडे बघावं, असं मला वाटायचं.

रविवारी भावजी ऑटोतून उतरले. गेटवर कापड लावलं होतं: 'लिफ्ट विशेषज्ञ श्री विनायकजी का हार्दिक स्वागत'. भावजींनी ते दोनदा वाचलं. मल्होत्राजींनी कुबड्यांकडे बघून हळूच विचारलं, "लिफ्ट में चोट आई?"

"नहीं जी, पोलियो है. बचपन से."

"फिर भी यही लाइन पकड़ी. कमाल है."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ओवाळण्याचं तबक आणायला वर पळाले.

निरांजन लावलं. जिन्यात वारा होता, ते विझलं असतं. लिफ्ट सकाळपासून चालू होती, मल्होत्राजींनी तिला उदबत्तीही ओवाळली होती. म्हणून मी लिफ्टने निघाले. पहिला मजला जेमतेम मागे पडला आणि लिफ्ट थांबली.

"पॉवर गई!" कोणीतरी ओरडलं.

"लिफ्ट में कौन है?"

आता उत्तर द्यायला हवं होतं. पण एवढ्या पुरुषमाणसांत ओरडायचं कसं? मी हळूच म्हणाले, "मी." कोणालाच ऐकू गेलं नाही. निरांजनाच्या उजेडात तबकातला नारळ आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

शेवटी जाळीच्या दारातून कोणाला तरी उजेड दिसला. धावपळ झाली. अवजारांची पेटी आपटल्याचा आवाज आला. "उस्तादजी, अब आप ही सँभालिए," मल्होत्राजी म्हणाले.

"मल्होत्राजी, मुझे लिफ्ट का कुछ नहीं आता. मैं वज़न उठाता हूँ. लेटकर, लोहे का. उसे पॉवर लिफ्टिंग कहते हैं."

बाहेर कोणीतरी अवजारांची पेटी बंद केल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ही लिफ्ट तुटून खाली गेली तरी चालेल. लोक समोसे खाऊन घरी जातील आणि भावजी पुन्हा एका खुर्चीत राहून जातील. या वेळी तर ती खुर्ची मीच मांडली होती.

"पहले मेन स्विच बंद कीजिए," भावजी म्हणाले, "कहीं चल न पड़े."

"देखा, जानते सब हैं," मल्होत्राजी कोणाला तरी कुजबुजले.

मग जिन्यात कुबड्यांचा खटखट आवाज आला आणि त्याच्या बराच मागून मल्होत्राजींच्या धापा. वरची जाळी सरकली. पहिल्या मजल्याची फरशी माझ्या डोक्याच्या जरा वर होती. तिथे भावजी पोटावर आडवे झाले आणि त्यांनी हात खाली सोडले.

"वहिनी, आधी तबक द्या."

मी दिलं.

"आता हात."

"भावजी, मी जड आहे हो."

"जड म्हणजे काय ते मला माहीत आहे, वहिनी."

मी पदर खोचला, डोळे मिटले आणि उघडले तेव्हा पहिल्या मजल्यावर होते. मल्होत्राजींनी भावजींची कंबर धरली होती, पण मल्होत्राजीच दोन फरशा पुढे घसरले होते.

वरपर्यंत जिना माणसांनी भरला होता. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. निरांजन अजून तेवत होतं. मी तिथेच भावजींना ओवाळलं. मल्होत्राजींनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. भावजी फरशीवर भिंतीला टेकून बसले होते आणि सगळी बिल्डिंग उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

"उस्तादजी, मुक़ाबले में कितना उठाया?" मल्होत्राजींनी विचारलं. भावजींनी आकडा सांगितला.

"और अभी? बहनजी को?"

भावजींनी दोन्ही हात जरा वरखाली करून अंदाज घेतला. खोटं बोलायची सवय त्यांना नाही. त्यांनी तोही आकडा सांगितला. हिंदीत, सगळ्यांना कळेल असा.

त्या गोष्टीला खूप वर्षं झाली. लिफ्ट बदलली, मल्होत्राजी देवाघरी गेले. भावजी आले की सोसायटीतली जुनी माणसं अजून "उस्तादजी" म्हणत उठून उभी राहतात. पण भावजींनी किती किलो उचलून पहिला नंबर मिळवला, ते त्यांतल्या एकालाही नीट आठवत नाही.

माझा आकडा सगळ्यांना पाठ आहे. हे मी फक्त माझ्यासाठी लिहिते आहे, तरी तो इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की त्या दिवशी साडी जरीची होती.