घंटेनंतरचे दिवे

आमच्या गावात बास्केटबॉलचे दोनच थोर खेळाडू झाले आणि दोघंही आमच्याच घरातले. एक माझे मोठे काका, सत्तरच्या दशकातले. दुसरी माझी थोरली बहीण, नव्वदच्या दशकातली. या दोघांत मोठं कोण, यावर चर्चच्या मैदानाच्या कठड्यावर बसून म्हाताऱ्यांनी जितकी तोंडाची वाफ दवडली, तितके श्रम वाडीत केले असते तर केळी अख्ख्या वसईला पुरून उरली असती. मला त्या गप्पांचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

"तो अनवानी खेळला, मुरुमावर," एक जण सुरू करायचा. "हिला सिमेंटचं मैदान, पायात बूट."

"आन तेव्हा तीन पॉइंटची रेघ कुठं होती?" दुसरा म्हणायचा. "असती तर त्याने ढीग लावला असता."

अहो, पण हिने लावला होता ना ढीग! रेघेच्याही मागून ती बॉल सोडायची आणि लगेच पाठ फिरवून धावायला लागायची. बॉल जाळीत गेला की नाही, हे वळून बघायचीसुद्धा नाही. सांडोरच्या, पाचूबंदरच्या मुली तिला अडवायला दोघी-दोघी उभ्या राहायच्या. काकांचा खेळ मी लहानपणी, त्यांच्या उतरत्या काळात पाहिला. अंगाने दांडगे, रिंगखाली घुसले की कुणाच्या बापाकडून हलायचे नाहीत. छानच खेळायचे, नाही कशाला म्हणू?

पण एक गोष्ट त्या कठड्यावर कुणीच काढायचं नाही. संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली की मुलींनी मैदान सोडायचं, ही आमच्या गावची रीत. मग दिवे लागायचे आणि मुलगे खेळायचे. काका तरुणपणी पेट्रोमॅक्सच्या उजेडात खेळले, आजीने त्यांचं जेवण मैदानावर पाठवलं. बहीण पहाटे भाजीच्या जुड्या बांधायची, मग कॉलेज, आणि घंटेआधी मिळेल तेवढा खेळ. करा आता तुलना!

मग राज्याच्या संघाची निवड लागली. ती एकच गोष्ट बहिणीला आयुष्यात हवी होती. निवडीचे सामने रात्री दिव्यांखाली होते आणि दिव्यांखाली ती कधी खेळलीच नव्हती. मैदानाचा कारभार काकांकडे, दिव्यांच्या पेटीची किल्लीही त्यांच्याच खिशात. ती त्यांच्याकडे गेली. "काका, थोडे दिवस तरी घंटेनंतर खेळू द्या. दिव्यात बॉल कसा दिसतो तेच मला ठाऊक नाही."

काकांनी पेपरातून मानही वर केली नाही. "तुला सोडली तर उद्या सगळ्या थांबतील. आन खेळ अंगात असला तर अंधारातपन दिसतो."

ती मागे फिरली. मी मात्र काकांना उलट बोलले आणि आईची थप्पड खाल्ली.

निवडीच्या दिवशी मी सोबत होते. वर पाहिलं की तिचे डोळे दिपत होते, खाली पाहिलं की पायाशी तिच्याच सावल्या, चारी बाजूंना पसरलेल्या. कधी वळून न बघणारी माझी बहीण प्रत्येक बॉलमागे बघत उभी राहत होती. निवड झाली नाही. गावात कठड्यावर निकाल लागला, "घाबरली पोर. काका तो काकाच." काका तिथेच बसून ऐकत होते. त्या वर्षी तिने खेळ सोडला आणि वालीवच्या एका कारखान्यात नोकरी धरली.

पुढे दोन हजार सालानंतर कधीतरी त्याच मैदानावर काकांचा सत्कार झाला. पुढच्या रांगेत गावच्या संघातल्या मुली गणवेशात बसवल्या होत्या. काका माइकवर म्हणाले, "लोक इचारतात, मोठं कोन? आज सांगतो. माझी पुतनी. माझ्यापेक्षा सरस होती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वरातीमागून घोडं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या दिवशी किल्ली मागितली त्या दिवशी हे तोंड कुठे गेलं होतं? पण शेजारी बहीण भरल्या डोळ्यांनी टाळ्या वाजवत होती, म्हणून मी राग गिळला.

तेवढ्यात घंटा झाली. काका थांबले, त्यांनी क्रुसाची खूण केली आणि त्याच माइकवर, त्याच मायेने पुढच्या रांगेला म्हणाले, "चला पोरींनो, घंटा झाली. घर गाठा."

मुली निमूट उठल्या. बहिणीच्या टाळ्या थांबल्या. तिने पर्स उचलली आणि त्या मुलींच्या मागोमाग ती मैदानाबाहेर निघून गेली. मागे दिवे लागले, आणि काका अजून तिचंच कौतुक करत होते.