तात्यांच्या जीपचा पंखा

"कोण हाय? आधी नाव सांगा."

समोरच्या तात्यांच्या ओट्यापुढून कुणीही गेलं की हा सवाल यायचाच. भर दुपारी, लख्ख उन्हात. मान जराशी तिरकी, डोळे बारीक केलेले. दिवसातून दहा वेळा मी जायची, आणि दहाही वेळा सांगायची, "मी सुरेखाची आई." मग परवानगी मिळायची, "असं व्हय. जावा." जसं काही मी जकात नाक्यावरूनच चाललेय!

तुमच्याही आळीत असा एखादा संशयी जीव असेलच. चहा दिला तर हे आधी कप चाचपणार, मग वास घेणार, मग विचारणार, "काय टाकलंय ह्यात?" दिवाळीचा डबा नेला तर करंजी बोटांनी दाबून बघणार. एकदा मी चिडून म्हटलं, "तात्या, विषच घालायचं तर एवढ्या निगुतीनं करंजीला मुरड कशाला घालत बसले असते?" त्यावर खो-खो हसले. हसण्यात मात्र त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. बारामतीजवळच्या आमच्या जळोचीत तेव्हा घरं कमी आणि ऊस जास्त. तात्या एकटेच. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. होती ती एक जुनी डिझेल जीप. तिच्यात माणसं कोंबून ते बारामती ते इंदापूर वडाप करायचे. गल्लीतल्या कुणाला दवाखान्यात, कुणाला माहेरी, तेही तात्याच न्यायचे. माझी सुरेखा लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायची. तेव्हापासून म्हणायचे, "हिला नवरी करून माझ्याच गाडीतनं न्हेणार. शब्द हाय आपला."

पुढं वडाप बंद झालं. विचारलं तर म्हणाले, "पोलीस लई तरास देत्यात." गल्लीत कुणी गाडी मागितली की नेमकी ती बिघडलेली असायची. माणूस चिकट होत चाललाय, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही पडलं.

सुरेखाचं इंदापुरात जमलं. लग्न नवऱ्या मुलाच्या दारात करायचं ठरलं. आणि लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना या गृहस्थांनी बॉनेट उघडून रेडिएटरमागचा पंखाच काढून ठेवला! पंखा, त्याची पत्र्याची चौकट, पट्टा, सगळं ओट्यावर गोणपाटावर मांडलेलं. नटबोल्ट पितळी परातीत.

"हे काय मांडलंय, तात्या?"

"इंजनाच्या पुल्या बदलायच्यात. पंखा काढल्याबिगर तितं हात जात न्हाय."

"मग गॅरेजला द्या की!"

"गॅरेजवाला पुली बदलंल आन चांगला माल काढून घील. न्हाय घ्यायचा कशावरून?"

आमचे हे साखर कारखान्यात फिटर. जाता येता त्यांनी जुनी पुली हातात घेऊन पाहिली आणि घरात येऊन मला म्हणाले, "हिला काय धाड भरलीय? अजून पाच वर्षं चालंल."

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. सुरेखाचं याआधी एक ठरत आलेलं मोडलं होतं. पोरगी तापट आहे, असं कुणीतरी तिकडं जाऊन सांगितलं होतं. आता आहे ती तापट, पण ते सांगायची कुणी सुपारी दिली होती का? ठरलेलं मोडायला लांबचं माणूस लागत नाही, शेजारी पुरतो. आणि तात्यांची बहीण इंदापुरातच, नव्या व्याह्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर! हे लग्न होणारच नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो गाडी कशाला तयार ठेवील? गाडी दुसरी मिळाली असती हो. पण माझ्या पोरीचं दुसऱ्यांदा मोडलं असतं, तर गल्लीनं तिला जगू दिलं नसतं. जेवण जाईना मला.

लग्नाच्या दोन दिवस आधी दुपारी मी उठले. आज सोक्षमोक्षच लावायचा. आणि नाव सांगायचंच नाही. बघू कसे ओळखत नाहीत! चप्पल काढून हळूच ओट्यावर चढले.

तात्या गोणपाटावर बसले होते. नवी पुली एका हातात, जुनी दुसऱ्या हातात, आणि अंगठा खाचेतून गोल गोल फिरत होता.

"कोण हाय?"

मी गप्प.

"कोण हाय तितं? मांजर व्हय?"

मी पिवळीजर्द साडी नेसून हातभर अंतरावर उभी होते. तात्यांनी बोल्ट घ्यायला परातीकडं हात नेला, तो माझ्या पायावर पडला. चटका बसावा तसा त्यांनी तो मागं घेतला.

मी खालीच बसले. "तात्या, तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी हातातली पुली गोणपाटावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "सुरेखाची आई व्हय? उजेड कळतो. माणूस कळत न्हाय. काचबिंदू म्हणला डॉक्टर. गेलेलं परत येत न्हाय."

"अहो, मग सांगायचं की!" मी ओरडलेच.

"सांगून काय? आंधळ्याला जीप कशाला म्हणून बहीण इकायला लावंल. आन पोरीला शब्द दिलाय. चालवाय बसलो तर तिला रस्त्याच्या मोरीत घालीन, न्हाय म्हणलं तर शब्द गेला. पंखा काढलेल्या गाडीला कोन काय बोलत न्हाय."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्हींतलं एकच आलं असतं तर बरं झालं असतं, काय करावं कळेना. शेवटी पदरानं नाक पुसून म्हटलं, "शब्द गाडीचा होता, स्टिअरिंगचा नव्हता. माझा भाऊ चालवील. तुम्ही शेजारी बसा."

"त्यो नीट चालवंल कशावरून?"

"नाही चालवली तर तुम्ही आहात की बोंबलायला!"

त्याच दुपारी त्यांनी सगळं परत बसवलं. कुठला बोल्ट कुठं, हे बोटांना पाठ. फक्त पट्टा चढवल्यावर अडले. "पुल्या एका रेघेत हायत का बघा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"रांगोळी काढता नव्हं? ठिपका सरकला तर कळतंय का न्हाय?"

मी वाकून पाहिलं. एक पुली केसभर पुढं होती. तसं सांगितलं, त्यांनी सरकवली, आणि जीप एका दमात सुरू झाली.

लग्नाच्या दिवशी पुढं माझा भाऊ, मध्ये तात्या, कडेला नवरी. मागं आम्ही. तात्या रस्ताभर ओरडत होते, "म्होरं मोरी हाय, हळू घे! आता डावीकडं खड्डा!" रस्ता त्यांना तोंडपाठ. मागं बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, "बाई गं, डायवरवरबी इस्वास न्हाय म्हाताऱ्याचा!"

इंदापूर जवळ आलं तसे तात्या म्हणाले, "शालू हिरवाच घेतलाय नव्हं? दुकानदारानं फसवलं नसंल कशावरून?"

सुरेखानं पदराचा काठ त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं जरीवरून हळूहळू फिरवली. तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मी तरी नव्हतं.

"झ्याक हाय," तात्या म्हणाले. काठ मात्र मांडवाच्या दारापर्यंत सोडला नाही.

पुढं बहिणीनं त्यांना इंदापूरला नेलं. जीप विकली गेली. सुरेखा तिकडं डबा घेऊन जायची, आणि दारातूनच ओरडायची, "मी सुरेखा!" एका उन्हाळ्यात ती अशीच ओरडली, आणि आतून उत्तर आलं नाही.

आता त्या ओट्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचं तरी घर आहे. तिथून जाताना अजूनही माझ्या तोंडातून निघतं, "मी सुरेखाची आई." लोक वेडी म्हणतील, म्हणू देत. 'जावा' म्हणणारं कुणी नाही, म्हणून जराशी थांबते आणि मग जाते.