दाऊदभाईची आई आणि एरिकसाहेबाचा कॅमेरा

कुवेतची वाळू दिवसभर चपलेत शिरते, तेव्हा कळत नाही. घरी येऊन चपला झटकल्या की ढीग पडतो. एरिकसाहेबाच्या गोष्टींचंही तसंच. एक सांगायला बसलो की चार पडतात!

एरिकसाहेब स्वीडनचा. सिनेमाचा मोठा कॅमेरामन. पन्नास-साठच्या त्या वर्षांत तेल कंपनीची फिल्म काढायला कुवेतमधल्या अहमदीला यायचा. मी त्याची गाडी चालवायचो. आमच्या मेसचा स्वयंपाकी दाऊदभाई, माझ्याच रत्नागिरीकडचा.

*

उष्णतेनं फिल्म खराब होते म्हणून साहेबानं सगळे डबे मेसच्या फ्रीजमध्ये कोंबले. मटण बाहेर!

दाऊदभाई भडकला, "साहेब, आज ये फिल्म ही पकाऊँ क्या?"

साहेब म्हणाला, "पकाओ. नमक कम."

*

फिंतासच्या किनाऱ्यावर एकदा सकाळपासून नुसते बसलो. कॅमेरा उभा, साहेब पाण्याकडे बघत बसलेला. दुपार झाली. मी म्हटलं, "साहेब, क्या बिगडा?"

"कुछ नहीं. धूप अभी कच्चा है."

संध्याकाळी पाणी तांब्यासारखं झालं, एक होडी आली. तेवढंच चित्र घेतलं नि निघाला!

मेसमध्ये हे ऐकून दाऊदभाई म्हणाला, "एवढ्या वेळात मी अख्खं लग्न जेवू घातलं असतं!"

*

मग साहेबाच्या देशात त्या फिल्मला बक्षीस मिळालं. पुढल्या खेपेला साहेब बक्षिसाची पितळी बाहुली घेऊन आला. दाऊदभाईनं हातात तोलून पाहिली.

"वजन बरं आहे. मसाला कुटायला होईल!"

साहेब इतका हसला की बाहुली तिथंच ठेवून गेला. आम्ही बरेच दिवस तिच्यानं सुकं खोबरं फोडलं.

*

दाऊदभाईचं एकच दुखणं. गावी आई थकलेली आणि याला सुट्टी मिळत नव्हती. मागितली की मॅनेजर म्हणायचा, "तू गेलास तर आम्ही खायचं काय?"

"बिर्याणी बिघडवायला शिकलो असतो तर आईला भेटलो असतो," दाऊदभाई म्हणायचा. आम्ही हसायचो. तो नाही हसायचा.

माझी सुट्टी मंजूर झाली, तेव्हा साहेबानं विचारलं, "मैं आऊँ तुम्हारे साथ? दाऊद की मदर शूट करेंगे."

*

रत्नागिरीला गेलो. दाऊदभाईची आई, माझी चाची, दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हात सरळ. कॅमेरा घरघरायला लागला. चाची हलेना!

मी म्हटलं, "चाची, जरा चाला, बोला. हा हलता फोटो आहे."

ओठ न हलवता म्हणाली, "हलले तर बिघडंल. दाऊदला नीट दिसायला हवी ना मी?"

साहेबानं सगळं रीळ तसंच जाऊ दिलं.

कुवेतला परतल्यावर साहेबानं मेसमध्ये पांढरी चादर बांधून प्रोजेक्टर लावला. सगळे गोळा झाले. चादरीवर चाची उभी. पोरं ओरडायला लागली, "मशीन अडकलं! फोटोच आहे हा!" तेवढ्यात तिच्या पायांमधून एक कोंबडी तुरुतुरु गेली.

चाची तशीच उभी. दाऊदभाई समोर जमिनीवर बसलेला, मान वर करून. बराच वेळ गेला. मग त्यानं वळून न पाहताच हात वर केला.

"साहेब, बंद करा आता. कधीची उभी आहे. बसू द्या तिला."