बियाण्याचे कांदे

नोकरीची सगळी वर्षं मी युरेनियम आणि थोरियम यांच्या रसायनशास्त्रात घालवली. बंद काचपेटीत जाड हातमोज्यांनी काम, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला, निघताना हातपाय तपासून घ्यायचे. मला काही झालं नाही. जे झालं ते देवळ्याला, माहेरी.

मला मूल नाही. डॉक्टरांनी दोष नवऱ्यात सांगितला, गावाने युरेनियममध्ये शोधला. भावजयीने आपलं तान्हं माझ्या मांडीवर कधी दिलं नाही. बाळ झोपलंय, म्हणायची. ते दर वेळी झोपलेलंच असायचं. तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ, तेवढा माझ्या बाजूने बोलायचा.

निवृत्त होऊन नाशकात आले, तेव्हा साठवणीच्या चाळीतल्या कांद्याला कोंब येतात म्हणून भाऊ कुरकुरत होता. मी म्हटलं, किरणं देऊन आण, आता तशी सोय आहे. कोंब येणार नाहीत आणि खायला काही धोका नाही. भावजयीने नाक मुरडलं. त्याने ऐकलं.

आमच्या घरी कांद्याचं बी विकत आणत नाहीत. वडील असल्यापासून निवडक, गडद रंगाचे कांदे बाजूला काढायचे, दिवाळीनंतर लावायचे, डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलले की त्यांचं बी धरायचं. दिवाळीपर्यंत नीट टिकावेत म्हणून भावाने तेही किरणं द्यायला न्यायच्या गाडीत घातले.

लावलेले कांदे जमिनीतच कुजले. एकालाही डोंगळा आला नाही आणि मागचं सगळं बी पेरलेलं रोप अवकाळी पावसात आधीच गेलं होतं. मी गेले तेव्हा भावजय पहिल्यांदा तोंडावर बोलली, हिचा हात लागला की असंच होतं. भाऊ सरीत उभा होता.

"ताई, तू म्हणली व्हती, कांद्याला काय व्हत नाय."

कोंबच येणार नाही तो कांदा उगवेल कसा, हे जन्मभर कांदा करणाऱ्याला मी सांगायचं का? माझं कुणी ऐकत नाही म्हणून आयुष्यभर धुमसले. एकाने ऐकलं, तर वडिलांचं बियाणं गेलं.

दर वर्षी त्याच्याकडून कांद्याची गोणी यायची. यंदा आली नाही. मी बाजारातून आणते. टोपलीत त्यांना हिरवेगार कोंब फुटतात आणि मी ते कापून टाकते.