बारा मेणबत्त्या

पुलगावच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं, वर्ध्याहून रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. एकदाही गाडी चुकली नाही, कारण तासभर आधीच मी फलाटावर हजर असायचो. बायको चिडवायची, "टेशनमास्तरले बी तुमच्या मागूनच जाग येत असन." मला त्याचा अभिमान वाटायचा. आता त्याच अभिमानाची चीड येते.

निवृत्तीनंतर मुलीनं आम्हा दोघांना चेन्नईहून श्रीलंकेला जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजावर पाठवलं. बायकोला ना जहाजाचं कौतुक, ना समुद्राचं. कोलंबोजवळ एक जुनं विहार आहे, बुद्ध स्वतः तिथं येऊन गेले असं मानतात. तिला तेवढंच पाहायचं होतं. पिपरी मेघेतल्या आमच्या विहारातल्या बायांनी तिच्याजवळ बारा मेणबत्त्या दिल्या होत्या, एकेकीच्या नावाची एकेक. "आमचं काई जाणं होत नाई तिकडं. तू लावजो," असं प्रत्येकीनं बजावलं होतं. तिनं त्या पांढऱ्या साडीच्या घडीत ठेवल्या.

कोलंबो यायच्या आदल्या दिवशी मी बायकोला घेऊन जहाजावरच्या सहलींच्या टेबलापाशी गेलो. जहाजाची सहल म्हणजे बस, शहराचा फेरा, रत्नांचं दुकान आणि चहाचं दुकान. विहार त्यात नव्हतं. दुसरी सोय मुलीनं फोनवर शोधून ठेवली होती, तिथलाच एक गाडीवाला, बंदरावरून थेट विहारात नेऊन परत आणणारा. टेबलावरची पोरगी हिंदीत समजावून म्हणाली, "आमच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही." झालं. मी त्या पोरीला जहाज सुटायची वेळ दोनदा विचारली.

"तासाभराचा बी रस्ता नाई," बायको म्हणाली. "काऊन घाबरून राह्यले तुमी?"

"अन् जहाज निघून गेलं म्हणजे?"

"नाई जात. अन् गेलं त जाऊ द्या."

मी बसची दोन तिकिटं घेतली. सकाळी तरीही तिनं पांढरी साडी नेसली आणि मेणबत्त्यांची पिशवी बरोबर घेतली. रत्नांच्या दुकानात लोक अंगठ्या बघत होते आणि ती दीड तास खुर्चीत बसून होती, पिशवी मांडीवर धरून. मी गाईडला विहाराचं विचारलं. बस सगळ्यांची आहे, असं तो म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं.

परतल्यावर कळलं, इंजिनात काही बिघाड आहे, जहाज चार तास उशिरा सुटेल. पण एकदा चढलेल्यांना पुन्हा उतरू देत नव्हते. ते चार तास आम्ही डेकवर उभे राहून कोलंबो बघितलं. "लावून आलो असतो," ती एवढंच म्हणाली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी बायांनी तिला घेरलं. "ताई, लावल्या का वो मेणबत्त्या?"

मी मान खाली घातली.

"लावल्या," ती म्हणाली. "साऱ्यायच्या नावानं."

भाजीवाल्याशीसुद्धा कधी खोटं न बोललेली बाई. नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून ती विहारात, बुद्धमूर्तीसमोर खोटं बोलली. त्यानंतर दर रविवारी पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की तिचा आवाज थांबायचा. पाचव्याला पुन्हा सुरू व्हायचा. शेजारी बसलेल्या मलाच ते कळायचं. एकदा मी म्हटलं, खरं सांगून टाकू.

"आता राहू द्या," ती म्हणाली. "खुश हायेत बिचाऱ्या."

पुढच्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या बारा जणींतली एक उठली आणि म्हणाली, "आमच्या नावाचा उजेड ताईनं तिथवर नेला." साऱ्या रडल्या. मी त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं की दोष माझा आहे, तिचं ते ओझं निदान तेव्हा तरी उतरवायला हवं होतं. मी हात जोडून बसून राहिलो.

मेणबत्त्या कपाटात आहेत, पांढऱ्या साडीच्या घडीत, बाराच्या बारा. रविवारी मी अजूनही सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो. चौथं शील आलं की माझा आवाज थांबतो. ते कळायला शेजारी कोणी नाही.