मावशीचे गणंग

माझ्या मावशीकडून शाबासकी मिळालेला माणूस रोह्यात शोधूनही सापडायचा नाही. टोमणा मात्र प्रत्येकाच्या वाट्याला आलेला. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, तशी तिने सगळी आळीच वर्गात घेतली. गॅसवाला सायकलची घंटी बडवत आला की ती आतूनच ओरडायची, "अरे, सिलिंडर आणलायस की वरात?" तो बिचारा हसत हसत टाकी आत आणून द्यायचा.

तिचा आवडता शब्द म्हणजे गणंग. वाल भिजत घातले की त्यात काही दाणे असे निघतात, की पाण्यात राहूनही भिजत नाहीत. त्यांना मोड येत नाहीत आणि ते शिजतही नाहीत. बिरड्यासाठी, म्हणजे वालाच्या उसळीसाठी, दाणे सोलायला बसलं की आधी हे गणंग वेचून टाकायचे. मावशी माणसंही तशीच वेचायची. डोळवीच्या कंपनीत लागलेला तिचा पुतण्या एकदा शिफ्ट विसरून घरी झोपून राहिला, तो गणंग. शेजारच्या कुंदावहिनी सगळ्या आळीला आजारपणाचे सल्ले देत फिरायच्या, त्या पिकलेला गणंग. माझा पेणला पापड-मिरगुंडांचा धंदा. मला ती म्हणायची, "सुमे, तू अर्धी गणंग. पापड बरे लाटतेस, पण विनोद तुला दुसऱ्या दिवशी कळतो."

अशी ही बाई एका वर्षी गप्प झाली. कारण विचाराल तर काही नव्हतं. कोणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. मी सहज रोह्याला गेले, तर स्वयंपाकघरात फडक्यात बांधलेले वाल आंबून घाण सुटलेली आणि मावशी खिडकीशी बसलेली. केसांना फणी नाही, रात्रीची झोप नाही. तेवढ्यात बाहेर घंटी वाजली. गॅसवाला वाजवून वाजवून दमला. मावशी हूं की चूं करीना. तेव्हा मात्र मी घाबरले. तिची पिशवी भरली आणि एसटीने तिला पेणला आणलं.

पेणला मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई दर शनिवारी यायच्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. आठवडाभर माझ्याकडे राहून मावशी परत गेली. तिथे कुंदावहिनी टपूनच बसल्या होत्या. "नको गो बाई घेऊस त्या गोळ्या! डोक्याचा भोपळा होतो. माझ्या नणंदेच्या जावेचा झालाय."

मी पुढच्या खेपेला गेले तेव्हा बिरड्याची तयारी करू म्हणून डब्यातले वाल सुपात ओतले. बघते तर वालांबरोबर पांढऱ्या गोळ्या.

"मावशी, हे काय?"

"गणंग असतील," ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. मग सूप पुढ्यात ओढून म्हणाली, "परवा मला विळी आठवेना. समोर होती, नाव येईना. 'ते बसून कापायचं दे' म्हणाले कुंदीला. मी! सुमे, रडत राहीन एकवेळ, पण मठ्ठ नाय व्हायची. डोकं सोडून माझ्याकडे हाय काय दुसरं?"

"आणि गोळ्यांच्या आधी काय मोठी व्याख्यानं देत होतीस?" मी म्हटलं. "दारातल्या गॅसवाल्याला ओ देता येत नव्हती तुला."

 शनिवारी ती मुकाट्याने पेणला आली.

गोळ्या लपवल्याबद्दल रागावण्याऐवजी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सुरुवातीला काहींना सुस्ती येते, शब्द सापडत नाहीत. बऱ्याच जणांचं ते हळूहळू जातं. नाही गेलं तर गोळी बदलता येते, कमी करता येते. पण हा आजारही डोकं मंद करतो. आणि गोळी अशी एकदम बंद करायची नाही."

"म्हणजे माझी विळी आजाराने पळवली की गोळीने, ते तुम्हाला सांगता येत नाय?"

"आज नाही येत. थोडे दिवस बघावं लागेल. तुमच्याकडे लक्ष कोण ठेवेल?"

मावशीने माझ्याकडे बोट केलं. "ही. माझा टोमणा हिला त्याच दिवशी लागला, तर समजा मी बरी."

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. त्यांनी गोळी थोडी कमी केली आणि सकाळऐवजी रात्री जेवल्यावर घ्यायला सांगितली.

मी रोज संध्याकाळी फोन करायची. आधी नुसतं "हं, जेवले." मग "जेवले, तुझ्या पापडात मीठ कमी." मग "तुझ्या पापडात मीठ कमी आणि तुझ्या नवऱ्यात जास्त." हा टोमणा मला फोन ठेवायच्या आत कळला.

त्यानंतर रोह्याला गेले, तेव्हा आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. बाहेर घंटी वाजली. माझे हात थांबले. मावशीने मान वर केली नाही, पण आवाज आळीभर गेला, "अरे, वरातीला उशीर केलास! नवरी म्हातारी झाली इथं!"

"बाई, बऱ्या झालात व्हय!" गॅसवाला बाहेरूनच ओरडला.

विळीपाशी ती पुढेही कधीकधी अडायची. गोळीमुळे की वयामुळे, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. मावशीने विळीचं नावच 'बसकी' ठेवलं आणि आम्ही सगळे तेच म्हणू लागलो. डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली ती गोळी मात्र चालू राहिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, चांगली म्हातारी होऊन मावशी गेली. आदल्या दिवशीही तिने दवाखान्यात नर्सला टोमणा मारला होता, आणि तेही यमक जुळवून. तेराव्याला आळी जमली. जो तो तिचे टोमणे सांगून हसत होता. कुंदावहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटपर्यंत डोकं कसं तल्लख गो! असल्या-तसल्या गोळ्यांच्या नादाला लागली नाय, म्हणून."

"रोज घ्यायची," मी पान वाढता वाढता म्हटलं. "रात्री जेवल्यावर."

 मी भात वाढत पुढे गेले.

जेवणं आटोपल्यावर मी मागीलदारी भांडी विसळत होते. कुंदावहिनी येऊन शेजारी उभ्या राहिल्या. हात धुतलेले होते, तरी पुन्हा धुतले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या,

"सुमन, त्या डॉक्टरीणबाई पेणला कुठं बसतात गो?"